दोन्ही चौकटी भरलेल्या

ऑफिसात तिला सगळे फॉर्मताई म्हणत. नाव कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण हाक मारायला हेच सोपं पडायचं. खलाशांना जहाजांवर पाठवणारं ते ऑफिस. तिथल्या प्रिंटरमधून जो कागद बाहेर पडे, तो आधी तिच्या हाताखालून गेलेला असे. रजेचा फॉर्म, तपासणीचा फॉर्म, सामानाचा फॉर्म. कुणाची ओळ खाली घसरली, कुणाचं नाव समासाबाहेर गेलं, की हाक यायची.

"फॉर्मताई, बघा हो, हा माणूस कागदाबाहेर पडलाय."

"पडू दे जरा. जहाजावर कोंडलेलाच असतो," ती म्हणायची आणि दुरुस्त करायला घ्यायची.

तिचा नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जहाजावर इलेक्ट्रिशियनला बत्ती म्हणतात. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे त्याला बत्तीसाहेब म्हणत. घरात सासूबाई म्हणत, "बाहेर बत्ती आणि घरात अंधार."

ही नोकरी तिनं धरली ती त्याच्यासाठीच. जहाज कुठल्या बंदरात आहे, कधी निघणार, हे इथं आधी कळतं, एवढ्याच कारणानं. कधी कधी तर त्याच्याही आधी कळायचं.

"तुझं जहाज उद्या वळणार आहे," ती फोनवर सांगायची.

"कप्तानाला कळवू का?" तो विचारायचा.

मग दोघं हसायची. हसणं संपलं की फोनवर थोडा वेळ नुसती खरखर असायची. दोघांपैकी कुणीच फोन ठेवायचं नाही.

त्यांच्या दोन खोल्या एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होत्या. दिवसभर खालून किल्ल्या घासल्याचा आवाज वर यायचा. घरातल्या प्रत्येक बटणाखाली त्यानं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, कुठलं बटण कशाचं. तिला ते सगळं पाठ होतं. तरी अंधार पडला की ती आधी अक्षरांवरून बोट फिरवायची, मग बटण दाबायची. पलंगाची त्याची बाजू तिनं रिकामी ठेवली होती. निदान सुरुवातीला तरी. पुढं तिथं इस्त्रीचे कपडे येऊन बसले. मग एक पिशवी आली. मग पिशवीवर उशी. सामान पुढं सरकत गेलं आणि ती कडेला सरकत गेली.

तो रजेवर यायचा तेव्हा घरातलं सगळं दुरुस्त करायचा. पंखा, मिक्सर, दाराची घंटा. आपलं झालं की शेजाऱ्यांचं. नंतर किल्लीवाल्याचं यंत्र. दुरुस्त करायचं काही उरलं नाही की खिडकीपाशी उभा राहायचा. एका रजेच्या शेवटच्या दिवशी बॅग भरून झाली होती. तो स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता.

"अजून काही बिघडलंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं चालू आहे."

त्यानं स्क्रूड्रायव्हर बॅगेत टाकला. तिनं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तर तिनं जोर लावून ओढली.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्यानं घरी राहावं. आणि ते त्यानं आपणहून ठरवावं. तिनं म्हटलं म्हणून नाही.

यामागं सासूबाई होत्या. सासरे जहाजाच्या इंजिनखोलीत मोटारमन होते. सासूबाईंनी त्यांना चिठ्ठ्या लिहून लिहून घरी बोलावून घेतलं. ते आले.

"आले, पण कसे आले विचार," सासूबाई सांगायच्या. "मरेपर्यंत एकच पालुपद. तू बोलावलंस म्हणून आलो. जेवणात मीठ कमी, तू बोलावलंस म्हणून. नळाला पाणी नाही, तू बोलावलंस म्हणून. गुडघा दुखला तरी तू बोलावलंस म्हणून! अगं, गुडघा काय मी दुखवला?"

ती हसायची.

"हसू नकोस. माझं ऐक. पाठीमागून हाक मारू नकोस. त्याचं त्याला येऊ दे. म्हणजे भांडताना तुझी बाजू मोकळी राहते."

तिनं ते ऐकलं. लग्न झाल्यापासून तिनं त्याला एकदाही ये म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं. ती फक्त विचारायची, कधी निघायचंय.

आणि एके दिवशी तिच्याकडं पसंतीच्या फॉर्मचं काम आलं.

करार संपत आला की प्रत्येक खलाशी हा फॉर्म भरतो. पुढं काय हवं ते सांगतो. पुन्हा त्याच जहाजावर, दुसऱ्या जहाजावर, लहान फेऱ्या, प्रशिक्षण, लांब सुट्टी. जहाजावरच्या कॉम्प्युटरवर त्या डेटाबेसची एक प्रत असते. खलाशी त्याच्या समोर बसतो, हव्या त्या पर्यायांवर खुणा करतो. एकाहून जास्तही करता येतात. कुणाला लांब सुट्टी हवी असते आणि परतल्यावर दुसरं जहाज. कॉम्प्युटर निवडलेले पर्याय एकाच रकान्यात एकाखाली एक लिहून ठेवतो. जे निवडलं नाही त्याची तो दखलही घेत नाही. पूर्वी छापताना तेवढंच छापलं जायचं. माणसानं काय मागितलं, बस्स.

मग जहाजांच्या मालकांकडून तक्रार आली. खलाशी भांडतात, म्हणतात आम्हाला हा पर्याय आहे हे माहीतच नव्हतं. साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे त्या ऑफिसचे मुख्य. चांगला माणूस, पण बोलताना समोरच्याकडं न बघता स्टेपलरकडं बघायचा.

"ताई, सगळे पर्याय छापा. निवडलेल्यापुढं भरलेली चौकट, बाकीच्यांपुढं रिकामी. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको."

हे दिसतं तेवढं सोपं नव्हतं. निवडलेले सगळे एकाच रकान्यात कोंबलेले. तिनं प्रत्येक पर्यायासाठी वेगळा छोटा रकाना केला. त्यात कुणी काही लिहायचं नाही. तो आपला आपण भरतो. प्रत्येकात एक फॉर्म्युला ठेवला. त्या ढिगाऱ्यात जाऊन बघ. माझा पर्याय तिथं सापडला तर भरलेली चौकट छाप. नाही सापडला तर रिकामी.

घरी तिनं हे सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाईंना तिच्या कामातलं सगळं ऐकायला आवडायचं.

"म्हणजे चौकट स्वतः जाऊन बघून येते?"

"हो आई."

"आणि नसलं तर?"

"रिकाम्या हातानं परत येते."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं बंदरालगत एक वर्कशॉप उघडलं. जहाजांच्या मोटारी तिथं दुरुस्तीला येणार होत्या. साहेब म्हणाले, "आपल्या खलाशांपैकी कुणाला तिथं यायचं असेल तर येऊ दे. फॉर्मवर आणखी एक पर्याय घाला. किनाऱ्यावर काम."

ती जागेवर येऊन बसली. नवऱ्याला न विचारता विचारण्याची याहून चांगली सोय कुणी केली नसती. सही साहेबांची, प्रश्न कंपनीचा. तो एकटा स्क्रीनसमोर बसणार, आणि त्याच्या मनात असेल तर खूण करणार. घरात कुणी कुणाला बोलावलं नाही.

ती चौकट तिनं इतर सगळ्या चौकटींपेक्षा जपून केली. तिची रेघ वरच्या रेघेशी जुळते का ते पुन्हा पुन्हा पाहिलं. फॉर्म्युला लिहिला. एक खोटा खलाशी बनवून तपासला. चौकट भरली. संध्याकाळी घरी जाताना ती पायऱ्या उतरता उतरता गुणगुणत होती, हे तिच्या दारापाशी आल्यावर लक्षात आलं.

त्याचा फॉर्म आला. जहाजावरून सगळ्यांचे फॉर्म एकत्र यायचे. तिनं आधी बाकीचे छापले. मग त्याचा उघडला. पुन्हा त्याच जहाजावर, भरलेली. किनाऱ्यावर काम, रिकामी.

तिनं मनातल्या मनात चौकटीला म्हटलं, पुन्हा बघून ये. पुन्हा बटण दाबलं. चौकट रिकाम्या हातानं परत आली.

तो रजेवर आला, पंखा दुरुस्त केला, गेला. पुढच्या करारालाही तसंच झालं. या खेपेला तिनं पुन्हा बटण दाबलं नाही. छापलं, साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "खलाशांना जमीन नकोच असते. एकानं तरी किनारा मागितला का? एकानंही नाही."

"नाही मागितला," ती म्हणाली.

आता तिच्याकडं उत्तर होतं. कागदावर छापलेलं, दोनदा. फोनवर ती पूर्वीसारखीच बोलायची. फक्त खरखर सुरू झाली की आता ती आधी फोन ठेवायची. पलंगावरच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी आली.

नंतर एका सकाळी दुसऱ्या एका जहाजावरचा आचारी ऑफिसात आला. म्हातारा माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं करार अर्धवट सोडून परतला होता. त्याच्याच पसंतीच्या फॉर्मवर त्याची सही राहिली होती. तिनं कागद पुढं केला. त्यानं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत मोठ्यानं वाचायला लागला.

"काका, सगळं नाही वाचलं तरी चालेल. खाली सही करा."

"न वाचता सही मी लग्नात केली, पुन्हा नाही." तो वाचत राहिला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे काय? किनाऱ्यावर काम? हे कुठून आलं?"

"तो पर्याय आहे, काका. तुम्ही निवडला नाहीत, म्हणून चौकट रिकामी."

"निवडायला दाखवला कुठं?"

"स्क्रीनवर असतो ना."

"कुणाच्या स्क्रीनवर? आमच्याकडं लांब सुट्टी झाली की यादी खलास. त्याखाली काही नाही."

ती हसली. "नीट बघितलं नसेल तुम्ही."

"ताई, मी आचारी आहे. यादी वाचल्याशिवाय भांडं चढवत नाही." त्यानं चष्मा काढला. "हे दिसलं असतं तर सगळ्यात आधी इथं बोट ठेवलं असतं मी. गुडघ्यांची शपथ. आणि मी एकटा नाही. आमचा तो इंजिनवाला पोरगा, त्याला मूल झालंय, तो तर रडत होता. तुमच्या वर्कशॉपला आचारी लागत नाही का?"

"विचारते," ती म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं जहाजांवर पाठवायच्या प्रतीची फाइल उघडली होती.

यादी तिथं होती. पुन्हा त्याच जहाजावर. दुसऱ्या जहाजावर. लहान फेऱ्या. प्रशिक्षण. लांब सुट्टी. त्याखाली काही नव्हतं.

छापायच्या कागदावर तिनं चौकट घातली होती. ऑफिसातल्या स्क्रीनवर घातली होती. जहाजांवर जाणाऱ्या प्रतीत यादी वेगळी भरावी लागते. ती भरायची राहून गेली होती. त्या दिवशी ती त्या एका चौकटीच्या रेघा जुळवण्यात इतकी गुंग होती की पुढचं काम तिच्या डोक्यातूनच गेलं. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती.

आचारी सही करून गेला, ते तिला कळलं नाही. तिच्यासमोर तो कागद होता. चौकट खोटं बोलली नव्हती. ती गेली होती, बघून आली होती, सापडलं नाही म्हणून रिकामी राहिली होती. ज्यानं नको म्हटलं तो, आणि ज्याला कुणी विचारलंच नाही तो, दोघं तिला सारखेच दिसत होते. त्यातला फरक तिनं चौकटीला शिकवलाच नव्हता.

ती तडक साहेबांकडं गेली. सगळं सांगितलं.

"म्हणजे," साहेब स्टेपलरला म्हणाले, "आपण इतके दिवस म्हणत होतो की यांना जमीन नको..."

"त्यांना विचारलंच नव्हतं, साहेब. माझी चूक."

"आणि मी वर्कशॉपला बाहेरची माणसं शोधत फिरलो." त्यांनी डोकं खाजवलं. रागवावं की हसावं हे त्यांना ठरवता येईना. "पाठवा नवी प्रत. सगळ्या जहाजांना. आजच."

तिनं पाठवली. पाठवण्याआधी खोट्या खलाशाकडून सगळ्या ओळी तपासून घेतल्या.

मग फॉर्म येऊ लागले. किनाऱ्यावर काम, भरलेली. किनाऱ्यावर काम, भरलेली. इंजिनवाल्या पोरानं तर तेवढी एकच खूण केली होती. साहेब सह्या करता करता म्हणायचे, "अहो, सगळा समुद्र रिकामा करता की काय!" वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियनची जागा होती. कंत्राटावरचा माणूस सोडून चालला होता. तिनं ती जागा कुणाला सुचवली नाही, कुणापासून लपवलीही नाही. ती फक्त त्याच्या जहाजाची वाट बघत होती. फोनवर त्याच्याशी या बाबतीत एक अक्षर बोलली नाही. आता तर मुळीच नाही. आता खरा प्रश्न त्याच्यासमोर जाणार होता.

त्याचा फॉर्म आला. तिनं उघडला. बराच वेळ बघत राहिली. मग प्रिंट काढली, जणू कागदावर वेगळं काही दिसेल. कागदावरही तेच होतं.

पुन्हा त्याच जहाजावर, भरलेली. किनाऱ्यावर काम, भरलेली.

"हे काय?" साहेब म्हणाले. "दोन्ही कसं होईल? अर्धा माणूस पाण्यात, अर्धा जमिनीवर?"

"एकाहून जास्त खुणा करता येतात, साहेब. मीच तसं केलंय."

"ते सुट्टीसाठी हो. हे असं मालकांना पाठवलं तर ते परत पाठवतील. तोवर ती जागा जाईल." त्यांनी स्टेपलर उचलला, पुन्हा ठेवला. "असं करा. फॉर्म्युला बदला. या दोघांतला एक सापडला की तिथंच थांब, दुसरा रिकामा सोड. जो आधी शोधाल तो छापला जाईल. बरोबर?"

"बरोबर."

"मग कुठला आधी शोधायचा ते तुम्हीच ठरवा. घरचंच काम आहे. मी सही करतो."

त्यांनी हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. ते तिलाही समजलं.

ती जागेवर आली. फॉर्म्युला उघडला. आधी किनारा शोध. सापडला तर समुद्र रिकामा. एका ओळीचं काम. तिनं लिहिलं. कागद कसा दिसेल ते स्क्रीनवर पाहिलं.

किनाऱ्यावर काम, भरलेली. त्याच्या नावाचा कागद. किती सरळ, किती स्वच्छ. त्याचे बूट दाराशी. खिडकीपाशी त्याची पाठ. संध्याकाळी किल्लीवाल्याशी चाललेल्या त्याच्या गप्पा. पंखा बिघडलेला नसतानाही तो घरात. दोन वर्षं ती या एका काळ्या चौकोनासाठी झुरत होती. आता तो समोर होता. छापायचा तेवढा राहिला होता.

पण ही चौकट बघून आली नव्हती. हिला शिकवून पाठवलं होतं.

तिनं ओळ पुसली. आधीचा फॉर्म्युला होता तसा केला. फोन घेऊन मागच्या जिन्यावर गेली. जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून होतं, त्यामुळं फोन लागला.

"काय गं, या वेळेला? आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. तुझा फॉर्म आलाय."

"हं."

"दोन खुणा आहेत."

"हो. दोनच केल्या."

"अरे, दोन चालत नाहीत. एकच छापायचं आहे."

"मग स्क्रीनवर दोन का करू देतेस?" तो हसला. तिच्या बाजूला हसू नाही हे लक्षात आल्यावर थांबला. "अगं, दोन्ही खरं आहे. मी काय करू? सकाळी वर येऊन पाणी बघितलं की वाटतं, हे सोडून जाणार कुठं? खाली येऊन पडलो की वाटतं, मी इथं काय करतोय? ती ओळ नवीनच दिसली या वेळी. आम्हाला वाटायचं वर्कशॉपला बाहेरचीच माणसं घेतात. दिसली तशी खूण केली. वरची काढायला गेलो तर हात होईना."

खाली अंगणात कुणीतरी खोकी उतरवत होतं.

"तू सांग," तो म्हणाला. "कुठली काढू?"

"मी कशी सांगू?"

"का? तू सोडून कोण सांगणार? इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, ये म्हणून? मागच्या रजेला स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होतो. विचारलं, काही बिघडलंय का. तू म्हणालीस, सगळं चालू आहे. मला वाटलं, झालं. हिला सवय झाली. पलंगावर माझ्या जागी कपडे ठेवले असतील हिनं."

"पिशव्यासुद्धा आहेत," ती म्हणाली.

खरखर सुरू झाली. या वेळी तिनं फोन ठेवला नाही.

"आई म्हणतात, बोलावून आणलेला माणूस आयुष्यभर ऐकवतो."

"ऐकवणारच. मी बाबांचाच मुलगा आहे. भांडलो की पहिलं वाक्य तेच असेल, तू बोलावलंस म्हणून आलो."

"म्हण. मी म्हणेन, हो, बोलावलं."

"मग बोलाव ना. अजून बोलावलंच नाहीस."

तिनं जिन्याचा कठडा धरला. हा शब्द तोंडातून काढायला इतका जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "घरी ये."

"हे ऑफिसातून बोलतेयस की घरातून?"

"ऑफिसात बसून. घरातून."

"पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा आला. त्यावर एकच खूण होती. तिनं इतर फॉर्मांसारखाच तो छापला. साहेबांनी सही केली आणि सांगितलं, "वेळ लागेल हं ताई. त्याच्या जागी दुसरा बत्ती मिळायला हवा. तो तिकडं पोचायला हवा. तोवर यांना उतरता येणार नाही."

"माहीत आहे, साहेब."

त्या दिवशी घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. तिचा चेहरा बघून बाजूला झाल्या.

"बोलावलंस?"

"बोलावलं."

"काय म्हणाला?"

"पुन्हा म्हण, म्हणाला."

सासूबाई आत वळल्या. खुर्चीवर बसल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या यांनी तसं नव्हतं म्हटलं." आणि थोड्या वेळानं, "उठ, त्या पिशव्या हलवू दोघी मिळून. एकटीनं उचलू नकोस."

दुसरा बत्ती लवकर मिळेना. जहाज नांगर उचलून पुढं गेलं. फोन लागेनासा झाला. पूर्वी ती वाट बघायची तेव्हा ते कुणाला दिसू द्यायची नाही. आता लपवता येत नव्हतं. ऑफिसात कुणी काही विचारलं की ती अर्ध्यातच थांबायची, आणि विचारणारा म्हणायचा, असू दे, नंतर सांगा.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती वर्कशॉपला गेली. आत वार्निशचा वास भरला होता. उघडलेल्या मोटारी टेबलांवर पडल्या होत्या. त्यांच्यातून तांब्याची तार बाहेर आलेली. फोरमननं तिला इलेक्ट्रिशियनचं टेबल दाखवलं. कोपऱ्यात, भिंतीला लागून. चांगला दिवा होता. हत्यारांना हुक होते.

ती टेबलापाशी उभी राहिली. वाकून, बसलेला माणूस बघेल त्या उंचीवरून समोर बघितलं. समोर भिंत होती.

"इथून पाणी दिसत नाही का हो?"

"पाणी?" फोरमनला कळेना. "नळ बाहेर आहे."

"समुद्र."

"तो होय. तो दारातून दिसतो. क्रेनच्या मधून एवढासा. का?"

ती दारापाशी गेली. दोन क्रेनच्या मध्ये करड्या पाण्याची एक पट्टी होती. पट्टीवरून एक जहाज बाहेर चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. तिला समुद्र कधी आवडला नव्हता. आजही आवडला नाही. पण हे टेबल भिंतीकडं तोंड करून ठेवलं तर तो दिवसभर काय बघेल, हा प्रश्न तिला पडला होता. त्यानं तो विचारला नव्हता, आणि कधी विचारला नसता.

"टेबल इथं घेता येईल का? दारापाशी?"

"इथं वारा फार आहे, ताई. धूळ येते. आधीचा माणूस तर कोपराच मागत होता."

"हा नाही मागणार."

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"नाही," ती म्हणाली. "आले की विचारू. तोवर इथं असू दे."

फोरमननं खांदे उडवले आणि टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं टोक तिनं धरलं.